नुकसानीची इंग्रजी : शब्द एकटा शिकू नका, जोडीने शिका

आमच्या रोहिणखेडचे नाव इतिहासात आले ते लढाईमुळे. १४३७ साली बहामनी फौजेने खानदेशच्या नासीर खान फारुकीचा येथे पराभव केला. त्या फौजेचा सरदार खलफ हसन बसरी हा मूळचा व्यापारी होता. त्याचा किताबच ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा असा होता. त्या काळी व्यापाऱ्याला प्रसंगी तलवार हाती धरावी लागली. आज आपल्याला हाती धरावा लागतो तो कागद. बिल्टी, पोचपावती, क्लेमचा अर्ज, विमा कंपनीचे पत्र, असा हा कागद बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. आणि ज्या कागदावर आपले पैसे अडकून पडतात, तो हमखास नुकसानीचा कागद असतो.

म्हणून आजच्या पाठात आम्ही नुकसान, तोटा, इजा, हानी या गोष्टी इंग्रजीत कशा सांगाव्यात हे पाहणार आहोत. आम्ही कोणी प्रोफेसर नाही. कापडाच्या धंद्यात जे ठेचा खाऊन शिकलो, तेवढेच वाचक बांधवांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या हातून झालेली चूक

१९९८ च्या पावसाळ्यातील गोष्ट. सुरतेहून आमच्या सहा गाठी ट्रकने मलकापूरच्या गोदामात आल्या. संध्याकाळ झाली होती, वर आभाळ भरून आले होते. हमालांनी गाठी टेम्पोत चढवल्या आणि आम्ही घाईघाईने पोचपावतीवर सही करून निघालो. रोहिणखेडला गाठी फोडल्या तेव्हा दोन गाठींत पाणी शिरलेले आढळले. छापील कापडाचा रंग एका घडीवरून दुसऱ्या घडीवर उतरला होता आणि अस्तराच्या पांढऱ्या ताग्यांवर बुरशीचे ठिपके पडले होते. हिशेब केला, ११,४०० रुपयांचा माल खराब.

त्याच रात्री आम्ही डिक्शनरी घेऊन बसलो आणि ट्रान्सपोर्टवाल्याला इंग्रजीत पत्र लिहिले. त्यातील मुख्य दोन वाक्ये अशी होती : ‘वुई हॅव लॉस्ट टू बेल्स. प्लीज गिव्ह अस डॅमेज ऑफ रुपीज ११,४००.’

काही दिवसांनी उत्तर आले. सहाही गाठी तुम्हाला पोचल्या आहेत, तुमची सही आमच्यापाशी आहे, एकही गाठ हरवलेली नाही, सबब पैसे देण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

आम्ही ते पत्र घेऊन बुलढाण्याला एका निवृत्त इंग्रजी शिक्षकांकडे गेलो. त्यांनी आमच्या पत्राची नक्कल वाचली आणि विचारले, “तुमच्या गाठी हरवल्या का?”

“नाही सर, भिजल्या.”

“मग लॉस्ट कशाला लिहिलेत? लॉस्ट म्हणजे हरवल्या. आणि पुढच्या वाक्यात तर तुम्ही त्यांना सांगता आहात की आम्हाला ११,४०० रुपयांचे नुकसान द्या. नुकसान तर त्यांनी दिलेलेच आहे!”

सरांनी नवे पत्र लिहून दिले. पण आता समोरच्याला आयते कोलीत मिळाले होते. आधी तुम्ही हरवल्या म्हणता, आता भिजल्या म्हणता, यातले खरे कोणते, असे त्यांनी विचारले. पुष्कळ हेलपाटे झाल्यावर ३,००० रुपयांवर तडजोड झाली. खरे सांगायचे तर बाकीचे पैसे केवळ इंग्रजीमुळे गेले नाहीत. पोचपावतीवर शेरा न लिहिता सही केली, ही मोठी चूक होती. पण दुसरी चूक शब्दांची होती, आणि आमचाच कागद आमच्याविरुद्ध उभा राहिला.

चूक कशामुळे झाली?

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. इंग्रजीच्या वहीत आम्ही शब्द आणि अर्थ अशा दोन रांगा पाडत असू. लॉस म्हणजे नुकसान, डॅमेज म्हणजे नुकसान, हार्म म्हणजेही नुकसान. तिन्ही शब्दांपुढे एकच अर्थ! मग पत्र लिहिताना जो आधी आठवेल तो घालायचा. मराठी शाळेत शिकलेल्यांची वहीदेखील काही वेगळी नसावी.

वास्तविक आपल्या भाषेत आपण अशी गल्लत कधी करीत नाही. मराठीत तोटा येतो, फटका बसतो, इजा होते, झळ पोचते, ठेच लागते. ‘मला ठेच बसली’ किंवा ‘धंद्याला तोटा लागला’ असे कोणी म्हणत नाही. उर्दूतही स्वतःचे झाले तर ‘नुकसान उठाना’ आणि दुसऱ्याचे केले तर ‘नुकसान पहुँचाना’. धोका ‘खातात’, पण चोट ‘लागते’. हे आपल्याला कोणी शिकवले नाही. शब्द कानावर पडला तोच आपल्या जोडीदारासह पडला.

इंग्रजीचेही तसेच आहे. प्रत्येक शब्दाचा जोडीदार ठरलेला आहे. गिऱ्हाईक कापड घेते तेव्हा त्याला मिळते अस्तर, मिळता दोरा मागते. शब्द घेतानाही तोच नियम पाळावा.

चार शब्द, चार जागा

लॉस : जे होते ते आता आपल्यापाशी नाही. माल हरवला, पैसा गेला, धंद्यात तोटा आला.

डॅमेज : वस्तू आहे, परंतु बिघडली आहे. भिजली, फाटली, जळली, मोडली.

इंज्युरी : माणसाच्या शरीराला झालेली इजा. मशीनवर बोट सापडले, शिडीवरून पडून पाय मोडला.

हार्म : सर्वांत मोठ्या घेराचा शब्द. तब्येत, अब्रू, मुले, शेतजमीन, कशाचीही हानी. मात्र मालाच्या क्लेममध्ये याचा उपयोग थोडा.

यात एक अपवाद लक्षात ठेवावा. शरीराच्या आतील एखाद्या भागाबद्दल डॉक्टर डॅमेज म्हणतात, जसे ‘लिव्हर डॅमेज’, ‘नर्व्ह डॅमेज’. पण कारागिराचे बोट कापले तर ‘ही इंज्युअर्ड हिज फिंगर’ किंवा साधेपणी ‘ही हर्ट हिज फिंगर’ असेच म्हणावे.

कापडवाल्यांसाठी आणखी एक सूचना. आपल्या बाजारात ‘या ताग्यात डॅमेज आहे’ असे सर्रास बोलले जाते. विणताना राहिलेली गाठ, सुटलेला धागा, छपाईतला पट्टा, सर्वांना आपण डॅमेजच म्हणतो. इंग्रजी पत्रात हे चालत नाही. माल तयार होतानाच राहिलेला दोष म्हणजे ‘डिफेक्ट’, आणि चांगला माल नंतर बिघडला तर ‘डॅमेज’. डिफेक्टची तक्रार गिरणीकडे किंवा माल विकणाऱ्याकडे करायची असते. डॅमेजची तक्रार वाटेत माल ज्याच्या ताब्यात होता त्याच्याकडे. वाहतुकीचा विमा मालाच्या अंगच्या दोषासाठी नसतो. तेव्हा ट्रकमध्ये भिजलेल्या मालाला चुकून डिफेक्ट लिहिले, तर आपला हक्काचा क्लेम आपणच बुडवला असे होईल.

कोणत्या शब्दाला कोणते क्रियापद?

नुकसान करणारा आणि नुकसान सोसणारा यांची क्रियापदे वेगवेगळी आहेत. पुढील जोड्या वहीत उतरवून घ्याव्यात.

करणाऱ्याच्या बाजूने :
‘कॉज डॅमेज’ : वस्तूचे नुकसान करणे, नुकसानीस कारण होणे.
‘डू डॅमेज’ : अर्थ तोच, बोलण्यातील भाषा.
‘कॉज हार्म’, ‘डू हार्म’ : हानी करणे.
‘कॉज अ लॉस’ : तोटा घडवून आणणे.
‘इन्फ्लिक्ट अ लॉस’ : मोठा फटका देणे. वर्तमानपत्री भाषा, क्लेममध्ये नको.

सोसणाऱ्याच्या बाजूने :
‘सफर अ लॉस’ : तोटा सोसणे. पत्रासाठी सर्वांत उपयोगी.
‘इनकर अ लॉस’ : तोटा अंगावर येणे. हिशेबाच्या कागदांत आढळते.
‘मेक अ लॉस’ : धंद्यात तोटा येणे.
‘सेल ॲट अ लॉस’ : तोट्यात विकणे.
‘सफर डॅमेज’ : वस्तूचे नुकसान होणे. दुकानाचे, मशीनचे, मालाचे.
‘सस्टेन ॲन इंज्युरी’, ‘सफर ॲन इंज्युरी’ : इजा होणे.

यात ‘गिव्ह’ कोठेच नाही हे ध्यानात घ्यावे. ‘गिव्ह डॅमेज’, ‘गिव्ह लॉस’, ‘मेक हार्म’ अशा जोड्या इंग्रजीत नाहीत. ‘मेक अ लॉस’ आहे, परंतु ‘मेक अ डॅमेज’ नाही. कारण विचारू नये. ठेच का लागते आणि फटका का बसतो, याचे उत्तर आपल्यापाशी तरी कोठे आहे?

बोलण्यात कामी येणाऱ्या दोन जोड्याही सांगून ठेवतो. ‘देअर इज नो हार्म इन आस्किंग’ म्हणजे विचारायला काय हरकत आहे. आणि ‘इट डिड मोअर हार्म दॅन गुड’ म्हणजे फायदा राहिला बाजूला, उलट नुकसानच झाले. डाग काढायला जादा ब्लीच टाकले आणि कापडच विरले, तर हे वाक्य तंतोतंत बसते.

मधला लहान शब्द

शिंप्याकडे हुक लहान असतो, पण तो नसला तर सदरा उघडा राहतो. इंग्रजीत ‘टु’, ‘ऑफ’, ‘बाय’ यांचे काम हुकाचे आहे.

‘डॅमेज टु द गुड्स’ : मालाचे नुकसान. येथे ‘ऑफ’ नको.
‘लॉस ऑफ गुड्स’ : माल हरवणे. येथे ‘टु’ नको.
‘इंज्युरी टु द हँड’ : हाताला इजा.
‘हार्म टु हेल्थ’ : तब्येतीस हानी.
‘डॅमेज्ड बाय रेनवॉटर’ : पावसाच्या पाण्याने खराब झालेला.
‘डॅमेज्ड इन ट्रान्झिट’ : वाटेत, वाहतुकीत खराब झालेला.

शेवटची जोडी व्यापाऱ्याने पाठच करावी. नुकसान आपल्या दुकानात झालेले नाही, वाटेत झाले, एवढी मोठी गोष्ट त्या तीन शब्दांत सांगून होते.

किती नुकसान?

थोडे असेल तर ‘मायनर डॅमेज’, पुष्कळ असेल तर ‘सीरियस डॅमेज’ किंवा ‘एक्स्टेन्सिव्ह डॅमेज’. तोट्याला मात्र ‘हेवी लॉस’ म्हणतात. गंभीर इजेला ‘सीरियस इंज्युरी’. दुरुस्त होण्यापलीकडे गेलेल्या वस्तूला ‘डॅमेज्ड बियॉन्ड रिपेअर’. आगीने झाले तर ‘फायर डॅमेज’, पाण्याने झाले तर ‘वॉटर डॅमेज’.

येथे एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. आहे तेवढेच लिहावे. दोन तागे भिजले असता ‘ऑल गुड्स टोटली डॅमेज्ड’ लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. पाहणी करणारा सर्व्हेअर येऊन दहा तागे चांगले दाखवतो, आणि मग त्या दोन खऱ्या ताग्यांवरही कोणी विश्वास ठेवीत नाही. खोटे माप दुकानात वाईट, तसेच पत्रातही वाईट.

एका अक्षराचा फरक : डॅमेज आणि डॅमेजेस

आमच्या पत्रातील दुसरी चूक हीच होती. ‘डॅमेज’ म्हणजे नुकसान. शेवटी ‘एस’ लावून ‘डॅमेजेस’ केले की कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ होतो नुकसानभरपाई, म्हणजे उर्दूतील हर्जाना. जोड्या अशा :

‘क्लेम डॅमेजेस’ : भरपाई मागणे.
‘पे डॅमेजेस’ : भरपाई देणे.
‘अवॉर्ड डॅमेजेस’ : कोर्टाने भरपाई मंजूर करणे.

साध्या पत्रात ‘कॉम्पेन्सेशन’ हा शब्द अधिक सोपा पडतो. ‘प्लीज कॉम्पेन्सेट अस फॉर द लॉस’ किंवा ‘प्लीज मेक गुड द लॉस’, म्हणजे आमचा तोटा भरून द्या.

कायद्यातही याच जोड्या आहेत

हा सगळा शब्दांचा कीस आहे असे कोणास वाटेल. म्हणून कायद्यातील शब्दच पाहू.

आमच्या गाठी भिजल्या तेव्हा रस्त्याने होणाऱ्या वाहतुकीस १८६५ चा कॅरिअर्स ॲक्ट लागू होता. त्यात ‘लॉस ऑफ, ऑर इंज्युरी टु, गुड्स’ अशी शब्दरचना होती. त्या काळच्या इंग्रजीत मालालाही ‘इंज्युरी’ होत असे! नुकसान कळल्यापासून सहा महिन्यांच्या आत लेखी नोटीस दिल्याशिवाय दावा लावता येत नसे. पुढे २००७ चा कॅरेज बाय रोड ॲक्ट झाला आणि १ मार्च २०११ पासून तो अमलात आला. त्यात शब्द आहेत ‘लॉस ऑफ, ऑर डॅमेज टु, द कन्साइनमेंट’. म्हणजे दीडशे वर्षांत मालाची ‘इंज्युरी’ जाऊन ‘डॅमेज’ आले, परंतु ‘ऑफ’ आणि ‘टु’ आपापल्या जागी कायम राहिले. मुदतही बदलली. आता माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नुकसान कळल्यापासून नव्हे, बुकिंगपासून. हा फरक ज्याने ध्यानात ठेवला नाही, त्याचे दिवस नकळत सरतात.

रेल्वेचा १९८९ चा कायदा तर पाच शब्द वापरतो : ‘लॉस, डिस्ट्रक्शन, डॅमेज, डिटिरिओरेशन, नॉन-डिलिव्हरी’. माल हरवणे, नष्ट होणे, खराब होणे, प्रत उतरणे आणि न पोचणे. पाचही प्रकार वेगळे मोजले आहेत. तेव्हा आपला प्रकार कोणता हे ओळखून तोच शब्द लिहावा. रेल्वेकडे माल सोपवल्यापासून सहा महिन्यांत नोटीस जावी लागते.

१८७२ च्या करार कायद्यात कलम ७३ मध्ये ‘लॉस ऑर डॅमेज’ अशी जोडी आहे. करार मोडल्याने जे नुकसान सरळ ओघाने होते, किंवा असे नुकसान होईल हे करार करतानाच दोघांना ठाऊक होते, त्याची भरपाई मिळते. ‘रिमोट अँड इनडिरेक्ट’ म्हणजे दूरच्या, आडवळणाच्या तोट्याची मिळत नाही. ईदचा माल ईद झाल्यावर पोचला तर मोसमाचा नफा बुडतो. पण माल ईदसाठी आहे आणि अमुक तारखेच्या आत पोचला पाहिजे, हे बुकिंगच्या वेळी लिहून दिलेले नसेल, तर तो बुडालेला नफा मागणे जड जाते. म्हणून ते आधीच लिहून द्यावे.

कारागीर बांधवांसाठीही एक जोडी आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने ‘आउट ऑफ अँड इन द कोर्स ऑफ एम्प्लॉयमेंट’ ही शब्दरचना रूढ केली. म्हणजे इजा कामामुळे आणि काम चालू असताना झालेली हवी. कारखान्यात अपघात झाला तर अर्जात नुसते ‘ही गॉट हर्ट’ लिहू नये. ‘ही सस्टेन्ड ॲन इंज्युरी टु हिज राइट हँड व्हाइल वर्किंग ऑन द मशीन’ असे लिहावे. कोठे, कशाला, काय करताना, तिन्ही गोष्टी आल्या.

नमुना पत्र

आधी पोचपावती. सही करण्यापूर्वी माल पाहावा आणि सहीच्या वर शेरा लिहावा : ‘टू बेल्स रिसीव्ह्ड इन वेट कंडिशन.’ म्हणजे दोन गाठी भिजलेल्या स्थितीत मिळाल्या. उघडून पाहता येत नसेल तर ‘कंटेंट्स नॉट चेक्ड’ लिहावे. शक्य तर तेथेच मोबाइलवर फोटो काढावा. मग पत्र :

‘सिक्स बेल्स ऑफ क्लॉथ वेअर बुक्ड विथ यू. टू ऑफ देम वेअर डॅमेज्ड बाय रेनवॉटर इन ट्रान्झिट. द फोर अदर बेल्स आर इन गुड कंडिशन. वुई हॅव सफर्ड अ लॉस ऑफ रुपीज ११,४००. प्लीज ट्रीट धिस लेटर ॲज अ नोटीस अँड कॉम्पेन्सेट अस फॉर द लॉस.’

अर्थ असा : आपल्याकडे कापडाच्या सहा गाठी बुक केल्या होत्या. त्यांपैकी दोन वाटेत पावसाच्या पाण्याने खराब झाल्या. बाकीच्या चार चांगल्या आहेत. आम्हाला ११,४०० रुपयांचा तोटा सोसावा लागला आहे. हे पत्र नोटीस समजावे व आमचा तोटा भरून द्यावा.

वर बिल्टीचा नंबर आणि बुकिंगची तारीख घालावी, सोबत शेऱ्याची व बिलाची नक्कल जोडावी. पत्र पोचल्याचा पुरावा राहील अशा रीतीने पाठवावे. रक्कम मोठी असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा.

सराव

पुढील वाक्यांत योग्य शब्द भरा.
१) उंदरांनी ताग्यांचे नुकसान केले : रॅट्स … डॅमेज टु द क्लॉथ.
२) आम्हाला तोटा सोसावा लागला : वुई … अ लॉस.
३) मशीनचे नुकसान : डॅमेज … द मशीन.
४) एक खोका हरवला : द … ऑफ वन बॉक्स.
५) त्याच्या डोळ्याला इजा झाली : ही सस्टेन्ड ॲन … टु हिज आय.
६) त्यांनी भरपाई मागितली : दे क्लेम्ड … .

उत्तरे : १) कॉज्ड किंवा डिड, २) सफर्ड, ३) टु, ४) लॉस, ५) इंज्युरी, ६) डॅमेजेस किंवा कॉम्पेन्सेशन.

बांधवांनो, आज आपल्या घरातील मुले आपल्यापेक्षा चांगली इंग्रजी जाणतात. त्यांच्याकडून पत्र लिहवून घेण्यात कमीपणा नाही. परंतु माल हरवला की भिजला, दोष गिरणीचा की वाटेचा, हे मुलाला सांगणार कोण? ते आपल्यालाच सांगावे लागेल. शब्द मुलाचा असला तरी पारख आपली हवी. आमची जुनी दोन रांगांची वही आता आम्ही तीन रांगांची केली आहे. शब्द, अर्थ आणि तिसऱ्या रांगेत जोडीदार. आपणही आजच तिसरी रांग पाडावी, ही विनंती.